पाली-सरड्यांसाठी घराभोवतीची जागा सुरक्षित कशी करावी

पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड: यांच्यापैकी कुणालाही अंगातली ऊब स्वतः तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. दिवसा वावरणाऱ्या बहुतेक सरड्यांना पळायला, शिकार धरायला आणि खाल्लेलं पचवायला अंगाचं तापमान साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस लागतं. ते चढवायला ऊन हवं, धरून ठेवायला तापलेला दगड हवा, आणि जास्त झालं की उतरवायला सावलीतली फट हवी. भिंतीवरची पाल रात्री बाहेर पडते, पण दिवसा फटीत बसून तीही भिंतीची ऊब घेत असते. माणूस जागा स्वच्छ करायला घेतो तेव्हा नेमकं हेच सगळं जातं. भेगा बुजतात, पालापाचोळा पेटवला जातो, दगड उचलून टाकले जातात, मोकळी माती फरशीखाली दबते.

जगभरातल्या १०,१९६ सरपटणाऱ्या प्रजातींचा आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २१ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. शेतीचा विस्तार, जंगलतोड, शहरांची वाढ आणि परक्या प्रजातींचा शिरकाव ही मोठी कारणं. त्यातला जो भाग आपल्या कुंपणाच्या आत घडतो, तो थांबवण्याची ही रीत आहे.

आधी उन्हाचा माग काढा

काहीही बांधण्याआधी एक निरभ्र दिवस मोजमापाला द्या. ऊन आल्यावर तासाभराने, भर दुपारी आणि ऊन उतरताना, अशा तीन वेळा जागेत फिरा. पृष्ठभागाचं तापमान लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर फरशी, माती, दगड आणि झुडपाखालची जमीन अशा चारही ठिकाणचे आकडे लिहून ठेवा. बहुतेक सरड्यांचं शरीर ४० ते ४५ अंशांच्या आसपास निकामी होऊ लागतं, आणि उघडी फरशी दुपारी सहज ५० अंशांच्या वर जाते. त्या फरशीवर सावलीचा तुकडा पाच मीटर दूर असेल, तर बोटाएवढ्या सापसुरळीसाठी ती फरशी म्हणजे भिंतच. ऊन आणि सावली यांच्यात एक मीटरपेक्षा जास्त उघडं अंतर राहू नये, हा साधा नियम धरा.

सावलीचं महत्त्व बहुतेकांना पटत नाही, म्हणून मेक्सिकोचं उदाहरण सांगायला हवं. तिथे ४८ प्रजातींचे सरडे जिथे पूर्वी नोंदले गेले होते अशी २०० ठिकाणं पुन्हा तपासली गेली आणि १९७५ पासून १२ टक्के ठिकाणचे सरडे संपल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा: विणीच्या दिवसांत ऊन लवकर चढू लागलं, सरड्यांचे आडोशाला बसून राहण्याचे तास वाढले, खायला वेळ उरेना आणि माद्यांना अंड्यांपुरतं अन्न मिळेना. म्हणजे सावलीतलं झुडूप तोडणाऱ्याने सरड्याच्या जेवणाच्या वेळेलाच कात्री लावलेली असते.

दगडांचा ढिगारा

एकच काम करायचं असेल तर हे करा. नीट रचलेला ढिगारा ऊन, ऊब, फट आणि किडे हे सगळं एका जागी देतो.

दिवसात किमान पाच-सहा तास ऊन येईल, पाणी साचणार नाही आणि वारा थेट लागणार नाही अशी जागा निवडा. २ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि ४० ते ५० सेंमी खोल खड्डा खणा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे खोली ८० सेंमी ते १ मीटर ठेवा, नाहीतर आत झोपलेले प्राणी गोठून मरतात. तळाला १० सेंमी खडी-वाळूचा थर द्या, म्हणजे पाणी निचरेल. त्यावर दगड रचा. दहातले आठ दगड २० ते ४० सेंमी लांबीचे असावेत, उरलेले लहानमोठे चालतील. चपटे दगड आडवे ठेवा, शक्यतो जरा बाहेरच्या बाजूला उतरते, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. जमिनीवर ढिगाऱ्याची उंची ६० ते ८० सेंमी पुरे. सगळं मिळून साधारण २ घनमीटर दगड लागतो.

फटींकडे लक्ष द्या, कारण ढिगाऱ्याचा सगळा उपयोग तिथेच आहे. लहान पाली आणि सापसुरळ्यांना १ ते २ सेंमीची फट लागते. एवढ्या फटीत पाठ आणि पोट दोन्ही दगडाला टेकतात आणि मांजराचा पंजा किंवा मोठा साप आत पोचत नाही. थोड्या फटी ३ ते ५ सेंमीच्या ठेवा, मोठ्या सरड्यांसाठी. फटीत माती किंवा सिमेंट भरू नका. ढिगाऱ्याभोवती अर्धा मीटर रुंद उंच गवताचा पट्टा राहू द्या, आणि ज्या बाजूने दुपारची सावली पडेल त्या बाजूला एखादं काटेरी झुडूप लावा. उन्हाची बाजू उघडी ठेवा.

ढिगारा ओस पडला तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं. तो नुसता जमिनीवर ओतलेला असतो, त्यामुळे आत थंड-दमट गाभाच नसतो. गोल गोटे वापरलेले असतात, ते सरकतात आणि फटी बंद होतात. किंवा दोन-तीन वर्षांत वेली चढून सगळा ढिगारा सावलीत जातो. वर्षातून एकदा उन्हाच्या बाजूची वाढ हाताने कापा, दगड मात्र हलवू नका.

दगड आणायचे ते खाणीतले, पाडकामातले किंवा शेताच्या बांधावर आधीच काढून टाकलेले. रानातले, माळावरचे पडीक दगड उचलू नका. त्यांच्याखाली कुणीतरी राहत असतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात बागेसाठी रानातले दगड काढणं हे वन्यजीवांना धोका पोचवणारं कारण म्हणून कायद्याच्या यादीत आहे. रानात दगड उचलून पाहिलाच, तर तो होता त्याच खाचेत, त्याच बाजूने ठेवा. दगड दोन बोटं सरकला तरी खालच्या फटीची उंची बदलते, आणि तिच्याबरोबर आतलं तापमानही.

ढिगाऱ्यापुरती जागा नसेल तर सहा-सात कौलं एकावर एक ठेवा, मधे १ सेंमी जाडीचे दगडाचे तुकडे घाला आणि ही उतरंड उन्हाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवा. गच्चीवरही चालते.

अंड्यांची जागा

मातीत अंडी घालणाऱ्या सरड्यांना भुसभुशीत, उन्हातली, उघडी जमीन लागते. ढिगाऱ्याच्या उन्हाच्या बाजूला १ ते २ चौरस मीटर जागेत ५० सेंमी खोलीपर्यंत वाळू भरा आणि तिच्यात थोडी माती मिसळा. नुसत्या कोरड्या वाळूत बोगदा टिकत नाही, मादी उकरते आणि तो ढासळतो. नेहमीची अडचण म्हणजे मांजरं ही वाळू शौचाला वापरतात. त्यावर काटेरी फांद्या विरळ अंथरल्या की ती येत नाहीत आणि सरड्यांची वाट मोकळी राहते. विणीच्या काळात तिथे खणू नका, चालू नका.

खणताना अंडी सापडली तर थांबा. ती फिरवू नका. अंडं घातल्यावर दिवसा-दोन दिवसांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो. मऊ पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करा, तशीच बाजू वर ठेवून त्याच खोलीत, त्याच मातीत परत ठेवा आणि माती हलक्या हाताने लोटा. सरडे आणि सापसुरळ्यांची अंडी मऊ कवचाची असतात, ती मातीतला ओलावा शोषून मोठी होतात. म्हणून कोरड्या डबीत काढून ठेवली की सुरकुततात. भिंतीतल्या बहुतेक पालींची अंडी कडक कवचाची असतात आणि सहसा दोन-दोन सापडतात. ती भिंतीला चिकटलेली असतील तर खरवडू नका, कवच फुटतं. घरातल्या पालीची अंडी दीड ते दोन महिन्यांत फुटतात. तेवढी वीतभर जागा सोडून काम उरकता येतं.

अंड्यांवरची सावली काढणं किंवा वाढवणं याला आणखी एक बाजू आहे. अनेक पाली आणि सरड्यांमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं किती तापलं यावर ठरतं. लेपर्ड गेको या पालीची अंडी २६ अंशांना उबली तर जवळजवळ सगळ्या माद्या होतात, ३२.५ अंशांना बहुतेक नर, आणि ३४ अंशांच्या वर गेली की पुन्हा बहुतेक माद्या. ऑस्ट्रेलियातल्या बिअर्डेड ड्रॅगनमध्ये अंडी ३२ अंशांच्या वर तापली की गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही माद्या होऊ लागतात. म्हणून अंड्यांच्या जागेशेजारचं झाड अचानक तोडणं किंवा तिथे काळा पत्रा ठेवणं टाळा.

भिंतीची डागडुजी

गिलावा करण्याआधी टॉर्च आणि लहान आरसा घेऊन भेगा तपासा. टोकाला पांढरा ठिपका असलेली काळपट विष्ठा ही पालीच्या वास्तव्याची खूण. भेग बुजवायचीच असेल तर अंधार पडल्यावर तासाभराने, पाली बाहेर पडल्यावर बुजवा, आणि आत अंडी नाहीत याची खात्री झाल्यावरच. ज्या भेगांनी बांधकामाला काही होत नाही अशा दर दोन-तीन मीटरला एक याप्रमाणे राहू द्या. ते शक्य नसेल तर ३० × २० सेंमीची खरखरीत, रंग-पॉलिश न केलेली फळी घ्या, तिच्या तीन कडांना १० मिमी जाडीच्या पट्ट्या ठोका, खालची कड उघडी ठेवा आणि दोन मीटर उंचीवर भिंतीला पक्की करा.

विजेच्या बाहेरच्या पेट्यांत वायरी शिरतात ती भोकं मात्र रबरी बूच लावून पूर्ण बंद करा. उबेसाठी आत गेलेली पाल दोन टोकांना एकदम चिकटली की जागीच मरते, आणि पेटीही निकामी होते.

विष

किडे मारायला फवारलेलं औषध सरड्याला दोन वाटांनी गाठतं: विष खाल्लेला किडा त्याच्या पोटात जातो, आणि जिथे किडेच संपतात तिथे तो उपाशी राहतो. मादागास्करमध्ये टोळधाड रोखायला फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरलं गेलं तेव्हा वाळवी मोठ्या प्रमाणात मेली आणि वाळवीवर जगणाऱ्या सरड्यांची संख्याही घटली. पायरेथ्रिन प्रकारची औषधं अंग थंड असलेल्या सरड्याला जास्त बाधतात असं हिरव्या अॅनोल सरड्यांवरच्या प्रयोगात दिसलं आहे, म्हणून पहाटेची फवारणी हा चांगला पर्याय समजू नका. फवारायलाच लागलं तर फक्त रोगट झाडावर, आणि ढिगाऱ्यापासून निदान पाच मीटर लांब.

उंदरांच्या विषाच्या पेट्या मोठ्या प्राण्यांना अडवतात, सरड्यांना नाही. उंदीर जाईल एवढ्या भोकातून सरडाही जातो. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवर ससे मारायला ठेवलेलं ब्रोडिफॅकम हे उंदीरनाशक विष तिथल्या टेलफेअर सापसुरळ्यांनीही खाल्लं आणि त्यातल्या काही मेल्या. घोरपडी विष खाल्लेले उंदीर गिळतात. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचंही तसंच. गोगलगायी खाणाऱ्या मोठ्या सापसुरळ्या त्याला बळी पडतात. गोगलगायी हाताने वेचा. उंदरांसाठी धान्य बंद डब्यात आणि भोकांना जाळी हा उपाय आधी करा. तरी लागलाच तर स्प्रिंगचा सापळा घराच्या आत, फक्त रात्री लावा आणि सकाळी उचला.

चिकट सापळ्यात अडकलेली पाल सोडवणं

उंदरांसाठीचे चिकट पुठ्ठे पाली आणि सापसुरळ्यांसाठी अतिशय क्रूर आहेत, आणि ते वापरूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही अडकलेला जीव दिसला तर ओढू नका. ओढलं की कातडी सोलते किंवा शेपूट तुटते, आणि शेपटीत साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी असते.

आधी पुठ्ठ्याच्या उघड्या भागावर माती, पीठ किंवा कागदाचे तुकडे टाका, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटणार नाही. मग कापसाच्या काडीने किंवा मऊ ब्रशने खाद्यतेल अंगाच्या कडेकडेने लावा. पाच ते दहा मिनिटं थांबा. शेपटीकडून नव्हे, जो पाय सगळ्यात सैल आहे तिथून सुरुवात करा आणि काडी खालून फिरवत एकेक बोट मोकळं करा. डोकं आणि हनुवटी शेवटी. नाकपुड्यांत तेल जाऊ देऊ नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही वापरू नका. कातडीतून शोषलं जातं. घाई केली की याच टप्प्यावर जीव जातो. पूर्ण सुटायला अर्धा तास लागला तरी चालेल.

सुटल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून तेल पुसा, मग नुसत्या पाण्याने. तेल राहिलं तर धूळ चिकटते आणि पालीच्या बोटांची पकड जाते. हवा खेळेल अशा खोक्यात कागद अंथरून सावलीत दोन-तीन तास ठेवा. पाल असेल तर अंधार पडल्यावर, सरडा असेल तर ऊन असताना, सापडला त्याच जागेजवळ सोडा. कातडी फाटली असेल तर पशुवैद्याकडे न्या.

जाळ्या, टाक्या, बाटल्या

झाडांवर टाकलेली नायलॉनची बारीक जाळी जमिनीवर लोळत असेल तर सरड्यांना फास ठरते. जाळीचा डोळा ५ मिमीपेक्षा लहान असावा आणि ती ताणून, जमिनीपासून वर बांधावी. अडकलेल्याला सोडवताना बोथट टोकाची कात्री घ्या, अंगाच्या दोन्ही बाजूंचे धागे कापा आणि मान व बगलेत रुतलेला धागा राहिला नाही ना, ते पाहा.

उघडी टाकी, हौद, बादली यांत पडलेला प्राणी काठाने पोहत राहतो, मधे येत नाही. म्हणून १० ते १५ सेंमी रुंदीची खरखरीत फळी भिंतीला लागूनच, कोपऱ्यात, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ठेवा; मोठ्या हौदाला दोन. रात्रभर उघडे राहणारे खड्डे आणि चर यांनाही हेच. उभे पोकळ पाइप झाकण लावून बंद करा. फेकलेल्या बाटल्यांचं तोंड वर असलं की आत शिरलेली सापसुरळी गुळगुळीत काचेवरून बाहेर येऊ शकत नाही. त्या उचलून टाका.

मांजर

ऑस्ट्रेलियात पाळीव, भटकी आणि रानटी मांजरं मिळून वर्षाला सुमारे ६४.९ कोटी सरपटणारे प्राणी मारतात असा २०१८ सालचा अंदाज आहे. मांजर घरात किंवा जाळीच्या आवारात ठेवणं हाच पुरता उपाय. तेवढं जमत नसेल तर निदान ऊन चढण्याच्या वेळी ते आत ठेवा, कारण तेव्हा सरडे उघड्यावर बसलेले असतात आणि अंग थंड असल्याने पळू शकत नाहीत. गळपट्ट्यावर भडक रंगाची कापडी झालर घातली की पक्षी आणि सरड्यांची शिकार कमी होते; दोघांनाही रंग चांगले दिसतात. मांजराच्या तोंडातून सुटलेल्या सरड्याची जखम टाचणीएवढी दिसली तरी आत जंतू गेलेले असतात, तो औषधाशिवाय क्वचितच वाचतो.

गवत, दिवे, रस्ता

गवत कापायची पाती १० सेंमीच्या वर ठेवा आणि ऊन पुरेसं तापल्यावर, सरडे चपळ झाल्यावरच कापा. एका टोकाकडून ढिगाऱ्याच्या दिशेने सरकत जा, म्हणजे त्यांना पळायला वाट मिळते. एक तृतीयांश गवत दर वेळी न कापता सोडा. पाचोळ्याचा ढीग पेटवू नका, कुजू द्या.

रात्रीचे दिवे खालच्या दिशेने, पिवळसर आणि हालचालीवर लागणारे असावेत. दिव्याखाली किडे एकवटतात आणि त्याचा फायदा एकाच आक्रमक जातीला मिळतो: पॅसिफिक बेटांवर बाहेरून आलेल्या घरपालीने उजेडाच्या इमारतींवरून तिथल्या लहान मोर्निंग गेकोला असंच हुसकावलं. कुंड्या किंवा सामान दूर पाठवताना तळ आणि खाचा तपासा. परक्या पाली अशाच प्रवास करतात. तापलेल्या डांबरावर सकाळी आणि संध्याकाळी सरडे ऊब घ्यायला येतात, तेव्हा आवारातल्या रस्त्यावर गाडी चालत्या माणसाच्या वेगाने घ्या.

उचलून नेऊ नका, पत्ता देऊ नका

नको असलेला सरडा लांब सोडून येणं दयेचं वाटतं, पण नव्या जागी फटी आधीच कुणीतरी व्यापलेल्या असतात आणि त्याला एकही लपण माहीत नसते. बांधकामामुळे हलवणं अटळच असेल, तर नवी जागा ढिगारे, गवत आणि किड्यांसह निदान एक-दोन हंगाम आधी तयार करा.

दुर्मीळ पाल किंवा सरडा दिसला तर फोटोसोबत नेमकं ठिकाण जाहीर करू नका, फोटोतली स्थानाची नोंदही काढून टाका. चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं शास्त्रीय वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झालं आणि व्यापाऱ्यांनी ती ज्या ठिकाणाहून वर्णिली होती तिथून संपवली. टांझानियातली निळी बुटकी पाल पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी इतकी पकडली गेली की २०१७ पासून रानातून पकडलेल्या या पालींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. रानातून धरलेला प्राणी विकत घेऊ नका. बंदिवासात जन्मल्याचा कागद मागा.

उपयोग झाला की नाही, ते मोजा

५० × ५० सेंमीचे जुने पत्रे किंवा फरश्या दहा ठिकाणी, काही उन्हात आणि काही अर्धवट सावलीत, जमिनीवर पसरा आणि दोन-तीन आठवडे हात लावू नका. त्यानंतर आठवड्यातून फार तर एकदा, सकाळी ऊन कोवळं असताना, एक कड उचलून पाहा. सापही असू शकतो, म्हणून हातमोजे घाला आणि कड अशी उचला की उघडी बाजू तुमच्याकडे नसेल. खाली प्राणी असेल तर पत्रा सरळ त्याच्यावर टेकवू नका. त्याला बाजूला जाऊ द्या, पत्रा ठेवा, तो आपण होऊन आत शिरतो. तारीख, वेळ, हवामान, जात, लहान की मोठा, शेपूट पूर्ण की तुटलेली, एवढं लिहा. तुटक्या शेपट्या वाढू लागल्या तर मांजराचा वावर तपासा. मोठे दिसतात पण पिल्लं नाहीत, तर अंड्यांची जागा बघा: ती सावलीत गेली असेल किंवा माती घट्ट झाली असेल. पहिल्या वर्षी काहीच आलं नाही तरी ढिगारा मोडू नका. शेजारच्या जागेतून सरडे पायी येतात, आणि वाटेत उघडी फरशी असेल तर तिच्यावरून झुडपांची किंवा दगडांची एक ओळ टाकून द्या.